मजूर मिळत नाहीत, म्हणजे काय?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. यंदा संक्रांतीला चार दिवस नामपूरला होतो. तिथे एक वाद झाला, तो डोक्यातून जाईना, म्हणून हा उद्योग. घरचे वाचणार आहेत हे माहीत आहे, आणि त्यातही नाना वाचणार आहेत (पुतण्या मोबाईलवर काढून देतो), म्हणून आधीच सांगतो की यात नानांवर राग नाही. वाद त्यांच्याशी झाला खरा, पण नंतर माझ्याच पगारपत्रकापर्यंत येऊन पोचला.

ज्यांना नामपूर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. बागलाण तालुका, जिल्हा नाशिक. मोसम नदीच्या काठचं मोठं गाव. गावाला स्वतःची बाजार समिती आहे, आणि कांद्याच्या दिवसांत ट्रॅक्टरची रांग इतकी लांब लागते की शेवटच्या माणसाला लिलावाचा आवाज ऐकू येत नाही. एके काळी डाळिंबाचं गाव म्हणूनही नाव होतं. तेल्या रोगाने डाळिंबाची रया गेली आणि बरेचजण पुन्हा कांद्याकडे वळले. आम्हीही वळलो. "आम्ही" म्हणजे नाना. माझे वडील गेल्यापासून आमचा वाटा नाना, म्हणजे माझे मोठे चुलतभाऊ, निम्म्या वाट्याने करतात. मी पुण्यात पगारपत्रकं करतो आणि वर्षाला कांद्याचे निम्मे पैसे घेतो. माझं शेतकरीपण एवढंच.

तर संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेतावर गेलो. तीन एकर उन्हाळ कांद्याची लागवड अजून व्हायची होती. रोप तयार होतं, वाफे बांधून झाले होते, पाणी सोडायचं तेवढं बाकी. आणि बांधावर चोवीस-पंचवीस बायांची टोळी उभी, पिकअपमधून उतरलेली, पण एकही बाई वाफ्यात उतरायला तयार नाही. नाना एकरी तेरा हजार म्हणत होते. टोळी पंधरा म्हणत होती. मला वाटलं आता चौदावर सुटेल. पण टोळी सांभाळणाऱ्या मावशींनी शांतपणे पदर खोचला, गाडीवाल्याला हाक मारली आणि सगळ्या परत गाडीत बसल्या. पलीकडच्या शिवारात पंधराने काम होतं. गाडी गेली. नाना रोपाकडे बघत राहिले.

रात्री ओट्यावर बसलो तेव्हा विषय निघणारच होता. नानांचं म्हणणं महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात, कुठल्याही ओट्यावर ऐकायला मिळेल असंच होतं. सरकारने लोकांना आळशी केलं. फुकट धान्य, लाडकी बहीण, वर रोजगार हमी. मजूर मिळत नाहीत. मिळाले तर भाव त्यांचा चालतो. मी काही बोलायला गेलो तर अहिराणीत सुनावलं, "तुले काय म्हाईत बापू, बांधवर ये मग समजी." नाना एरवी माझ्याशी प्रमाण मराठी बोलतात. अहिराणीवर आले की समजायचं, प्रकरण मनापासून आहे.

मी गप्प बसलो. पण बेरीज-वजाबाकी करणं हा माझा धंदाच असल्याने रात्री झोप येईना तेव्हा हिशोब करत पडलो. फुकट धान्य म्हणजे रेशनवर माणशी महिन्याला पाच किलो, जानेवारी २०२३ पासून पूर्ण मोफत. दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. म्हणजे चार पोळ्या. लाडकी बहीण जुलै २०२४ पासून, महिना पंधराशे. दिवसाला पन्नास रुपये. चार पोळ्या आणि पन्नास रुपयांवर माणूस आळशी होऊ शकतो का, हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला. आणि मग आठवलं की आमच्या वहिनींनाही लाडकी बहीण मिळते. नानांना पीएम किसानचे वर्षाला सहा हजार मिळतात आणि राज्याच्या नमो योजनेचे आणखी सहा. नाना पहाटे चारला उठून पाणी भरायला जातात. त्यांना काही आळस आलेला मला दिसला नाही.

सकाळी हे मी बोलून दाखवलं. वहिनी हसल्या, नाना नाही हसले.

पण नानांचं म्हणणं एवढ्यावर झटकून टाकायला मी तयार नाही. कारण त्यांनी दुसरी गोष्ट जी सांगितली ती खरी होती. "माझा भाव कोण ठरवतं?" ते म्हणाले. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीच आली, आणि काही दिवसांत भाव निम्म्याच्या आसपास आले. बंदी उठली मे २०२४ मध्ये, शुल्क मात्र राहिलं. ते पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. त्याआधी फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शीच्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांदा विकून खर्च वजा जाता दोन रुपयांचा चेक मिळाला होता, ती बातमी देशभर गाजली. सरकारने नंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. म्हणजे शहरात कांदा महाग होऊ नये याची काळजी सरकार घेतं, आणि त्या काळजीची किंमत नानांच्या खिशातून जाते. मग नाना ती कुठून काढणार? खत-औषधवाला उधारी थांबवेल पण भाव कमी करणार नाही. डिझेलचा भाव पंपावर लिहिलेला. ज्याच्याशी घासाघीस करता येते असं एकच माणूस उरतं, ते म्हणजे वाफ्यात बसणारी बाई.

शरद जोशींनी १९८० साली याच नाशिक जिल्ह्यात रस्त्यावर कांदा आणि ऊस आंदोलन केलं तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की शेतमालाचे भाव पाडले जातात म्हणून खेडं गरीब आहे. मला तो मुद्दा बराचसा पटतो. पण भाव चांगला मिळाला त्या वर्षी आमच्याकडे लागवडीचा दर आपोआप वाढला होता का, हे मी आठवून पाहिलं. नव्हता वाढला. दर वाढतो तो पलीकडच्या शिवारात कोणी जास्त देतं तेव्हाच.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. कारखान्यात पगारपत्रक करताना किमान वेतन ही माझ्यासाठी रोजची गोष्ट आहे. दर जानेवारीला आणि जुलैला राज्य सरकार विशेष भत्त्याचे नवे आकडे काढतं, आम्ही ते भरतो, कंत्राटदाराचं रजिस्टर तपासतो. एक रुपया कमी पडला तरी कोणीतरी विचारायला येऊ शकतं. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शेतीही पहिल्यापासून आहे. त्या कायद्याची जागा आता वेतन संहितेने घेतली, ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, आणि तिच्यात तर प्रत्येक कामाला किमान वेतन आहे. कागदावर बागलाणातल्या वाफ्यातली बाई आणि चाकणच्या कारखान्यातला कामगार यांच्यात फरक नाही. पण शेतात रजिस्टर कुठे आहे? शेतीचं किमान वेतन किती, हे मी त्या चार दिवसांत आठ-दहा जणांना विचारलं. शेतकऱ्यांना विचारलं, मजुरांना विचारलं, एका निवृत्त शिक्षकांना विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. "असतं का तसं काही?" असं शिक्षकांनीच मला विचारलं.

मग शेतातला दर ठरतो कसा? तो त्या पिकअपमध्ये ठरतो. परत जायला जागा असेल तर पंधरा, नसेल तर तेरा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्या मावशींना बाजारात गाठलं. त्यांना वाटलं मी नानांचा निरोप घेऊन आलोय. मी म्हटलं, नाही, मला फक्त हिशोब समजून घ्यायचाय. त्या आधी संशयाने बघत होत्या, मग चहा घेतल्यावर बोलल्या. एकर लावायला साधारण अठ्ठावीस बायांचा एक दिवस जातो. तेरा हजारात माणशी साडेचारशेच्या आसपास पडतात, पंधरात पाचशेच्या वर, आणि त्यातून गाडीभाडं जातं. सकाळी अंधारात निघायचं, दिवसभर चिखलात उकिडवं बसायचं. हे चाळीस दिवस. मग निंदणी, त्याला रोजाने अडीचशे, कधी पावणेतीनशे, कधी तीनशे. निंदणी वर्षभरात मिळून चाळीसेक दिवस. उन्हाळ्यात कांदे काढणी, पुन्हा उक्ती, तीसेक दिवस. "आणि मग?" मी विचारलं. "मग काय. बसायचं, नाही तर जायचं कुठं तरी."

मी तिथेच पावतीच्या मागे मांडलं. लागवडीचे चाळीस दिवस साडेचारशेने १८,०००. काढणीचे तीस दिवस तितक्यानेच १३,५००. निंदणीचे चाळीस दिवस पावणेतीनशेने ११,०००. एकूण ४२,५००. वर्षाच्या ३६५ दिवसांना भागलं तर दिवसाला ११६ रुपये. केंद्राचं राष्ट्रीय पातळीवरचं किमान वेतन २०१९ मध्ये १७८ रुपये ठरलं होतं, आणि त्याच वर्षी सत्पथी समितीने ते ३७५ असावं असं सांगितलं होतं. बाईच्या हंगामातल्या रोजाकडे पाहिलं तर ती दोन्हींच्या वर आहे. वर्षाकडे पाहिलं तर दोन्हींच्या खाली.

नाना फक्त रोज बघतात, कारण ते रोज देतात. मावशींना वर्ष काढायचं असतं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास लिहिला तेव्हा त्यांनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस (१९६०-६१ च्या किमतींनी) अशी रेषा धरली होती, आणि उपाय म्हणून सार्वजनिक कामांचं नाव घेतलं होतं. आकड्यांच्या रेषा नंतर बऱ्याच झाल्या. २०११ साली नियोजन आयोगाने शहरात ३२ आणि खेड्यात २६ रुपये असं सुप्रीम कोर्टात सांगितलं तेव्हा देशभर टिंगल झाली. पण मूळ प्रश्न तोच. किमान वेतनाचा कायदा एका दिवसाची किंमत ठरवतो. दिवस किती मिळतील हे तो सांगत नाही.

दिवस देण्याचा कायदा आपल्याकडेच झाला, आणि त्यातून आमचं घर उभं राहिलं. हे नाना विसरले आहेत असं नाही. ते आठवायला कोणाला आवडत नाही, इतकंच.

१९७२ च्या दुष्काळात आमच्या पाच कोरडवाहू एकरांत काही नव्हतं. आजी खडी फोडायला गेली. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. त्या पन्नास लाखांत आमची आजी एक. सुकडी आणि लाल मिलोच्या गोष्टी आम्ही तिच्याकडूनच ऐकल्या. मिलोची भाकरी किती कडक व्हायची ते सांगताना ती हसायची, खडी फोडल्याचं सांगताना हसायची नाही. पुढे दुष्काळ सरला तरी ती पाझर तलावाच्या कामावर जात राहिली, कारण तोवर योजना कायम झाली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ च्या सुमाराला प्रयोग केला होता, त्यातून ही कल्पना आली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर दिवसाला निदान एक रुपया बेकारी भत्ता. एक रुपया! पण तो हक्काचा होता.

आजीला एका गोष्टीचं फार अप्रूप होतं. गावात कोणाच्या शेतात गेलं की बाईचा रोज वेगळा, पुरुषाचा वेगळा. रोहयोवर पैसे मापावर. जितकी माती उचलली, जितके ब्रास खडी झाली, तितके पैसे. मस्टरवर तिचं नाव आजोबांच्या खाली असायचं पण रक्कम कधी कधी जास्त असायची. हे ती आजोबांसमोर मुद्दाम सांगायची.

मग १९९० साली रोहयोशी जोडलेली फळबाग योजना आली. आमची पहिली डाळिंबाची बाग त्या योजनेतली. खड्डे खणायची मजुरी, रोपं, खतं, यांचं अनुदान रोहयोतून. मजुरांच्या नावाने काढलेल्या योजनेतून शेतकऱ्याची बाग झाली. मी हे टीका म्हणून लिहीत नाही, त्या बागेवर माझं शिक्षण झालं. पण आज ओट्यावर बसून "रोजगार हमीने लोक बिघडवले" असं म्हणताना आमच्या घराने थोडं अडखळायला हवं. नाना, वाचताय ना?

आणि याचे पैसे कुठून आले? इथे माझं पगारपत्रक येतं. महाराष्ट्रात पगारदाराच्या पगारातून महिन्याला २०० रुपये कापले जातात, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. व्यवसाय कर. दर महिन्याला शेकडो लोकांचा हा कर मी कापतो आणि दर वर्षी कोणीतरी नवीन मुलगा विचारतो की हा कशाचा? तो १९७५ सालचा, रोजगार हमीसाठी लावलेला. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या बाईच्या कामाचे पैसे भरायचे आणि तितकीच भर सरकारने घालायची, असा तो करार होता. मी वीस वर्षं हा कर कापतोय, आणि आजीच्या मस्टरशी त्याचा संबंध आहे हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आता एवढं लिहून मी रोहयोची आरतीच केली असं वाटेल. तसं नाही. खोटी हजेरी, उशिरा मिळणारे पैसे, पावसात वाहून गेलेले रस्ते, सगळं झालेलं आहे आणि नामपूरच्या कुठल्याही कट्ट्यावर त्याचे किस्से मिळतील. याहून अवघड गोष्ट १९८८ ची आहे. त्या वर्षी राज्याने शेतीचं किमान वेतन जवळजवळ दुप्पट केलं आणि रोहयोचा दर त्याला बांधलेला असल्याने तोही वाढला. व्हायला हवं होतं की मजुरांचं भलं झालं. झालं असं की रोहयोवरची हजेरी घटली, कारण दर वाढल्यावर मागणारे वाढले आणि तितकी कामं काढायला सरकारने हात आखडता घेतला. रावेलियन, दत्त आणि चौधरी या अर्थतज्ज्ञांनी यावर नंतर अभ्यास केला, त्यांचा प्रश्नच असा होता की दर वाढल्यावर हमी ही हमी राहिली का. म्हणजे दर वाढवला तर दिवस कमी होतात, हे नानांचं म्हणणं सरकारच्या बाबतीत तरी एकदा खरं ठरलेलं आहे.

माझा न्यू जर्सीतला भाचा फोनवर हेच म्हणाला. मामा, किमान वेतन वाढवलं की नोकऱ्या जातात, साधं अर्थशास्त्र आहे. त्याला मी त्याच्याच गावची गोष्ट सांगितली. १९९२ साली न्यू जर्सीने किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी तिथल्या आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या बर्गरच्या दुकानांतली नोकरभरती मोजली. कमी झाली नव्हती. कार्डना २०२१ साली नोबेल मिळालं. न्यू जर्सीत आज तो दर १५ डॉलरच्या वर आहे. भाचा म्हणाला, बर्गरचं दुकान आणि कांद्याचा वाफा एक नाही. तेही खरं. बर्गरवाला भाव दोन सेंटने वाढवू शकतो. नाना लिलावात उभे असतात.

परत आपल्याकडे. १९८३ साली राजस्थानातल्या दुष्काळी कामांवरच्या खटल्यात (संजित रॉय यांची याचिका) सुप्रीम कोर्टाने, न्यायमूर्ती भगवतींनी, सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम घेणं म्हणजे वेठबिगार, मग ते सरकारचं दुष्काळी काम का असेना. फार मोठी गोष्ट होती. पण २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातच अशी सोय ठेवली गेली की किमान वेतनाच्या कायद्यात काहीही असलं तरी केंद्र आपला दर वेगळा ठरवू शकतं. महाराष्ट्रात तो दर २०२३-२४ ला २७३ होता, पुढच्या वर्षी २९७, आणि २०२५-२६ साठी ३१२.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० चे १२५ झाले, हे चांगलं. खर्चात राज्याचा वाटा ४० टक्के झाला, आणि केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेपलीकडचा खर्च राज्याने सोसायचा. म्हणजे १९८८ सारखी हात आखडण्याची वेळ पुन्हा येऊ शकते. पण ओट्यावर ज्याच्यावर खरी चर्चा झाली ते कलम वेगळं. पेरणी-काढणीच्या हंगामात वर्षातले ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवायची, म्हणजे शेताला मजूर मिळतील.

नाना खूष होते. आमच्याच बाजूचं कलम आहे ते, खोटं कशाला बोला. तीन एकर लागवड अडकली असताना मलाही क्षणभर बरं वाटलं. पण मग पावतीच्या मागचा हिशोब आठवला. लागवडीला बाईला साडेचारशे मिळतात. ते सोडून ३१२ साठी रोहयोवर कोण जाईल? कोणीच नाही. हंगामात रोहयोमुळे नानांची एकही बाई पळालेली नाही, ती पलीकडच्या शेतकऱ्याने पळवली. मग बंदी कोणाला अडवणार? निंदणीच्या अडीचशेपेक्षा ३१२ बरे म्हणणारीला. तिच्याकडे "मग मी तिकडे जाते" असं म्हणायला जी एक जागा होती, ती नेमकी त्या दिवसांत बंद. मजूर मिळत नाहीत याचा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की अडीचशेत मिळत नाहीत.

आणि आपण नेमकं काय मागतोय, हा प्रश्न मला नानांना विचारायचा होता. कांद्याची निर्यात बंद केली की आपण म्हणतो सरकारने आमचा बाजार बंद केला, आम्हाला जिथे जास्त मिळेल तिथे विकू द्या. बरोबर म्हणतो. मावशी त्यांच्या दोन हातांबद्दल तेच म्हणत असतील तर?

विचारलं मी. नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठीक. उद्या टोळी बोलाव. पंधरा देतो. वरचे दोन हजार तुझ्या वाट्यातून."

तीन एकर, सहा हजार रुपये. माझ्या पगाराच्या मानाने काहीच नाही. तरी मला "हो" म्हणायला जेवढा वेळ लागायला नको होता तेवढा लागला, आणि ते नानांनी पाहिलं. वहिनींनीही पाहिलं. मनात जे आलं ते लिहूनच टाकतो: अर्धे तुम्ही द्या ना, सगळे मीच का? म्हणजे पुण्याहून येऊन दीड दिवस मजुरीवर भाषण करणाऱ्या माणसाने घासाघीस सुरू केली ती थेट तीन हजारांवर. बोललो नाही, पण आलं मनात. मग हो म्हटलं.

मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, परवाच्या दिवशी येतो, उद्या पलीकडचं संपवायचंय. नाना म्हणाले, बघ, आता वरून आपणच वाट पाहायची. पण गाडी आली. लागवड झाली. मी दुसऱ्या दिवसाची सकाळ बांधावर काढली आणि पुण्याची गाडी पकडली.

काल नानांचा फोन आला. कांदा चांगला लागलाय, मर कमी आहे. गवत मात्र फार झालंय, निंदणी लगेच हवी. ते अडीचशे म्हणतायत, मावशी तीनशेच्या खाली यायला तयार नाहीत. "तुझं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं, आणि या वेळी टोमणा नव्हता, खरंच विचारत होते. मी म्हटलं, रात्री करतो फोन. हे लिहून झालं की करायचाय.